नवी वेगवान गाडी रुळावर यायला इतका वेळ का लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"ती नवी गाडी शेवटी सुरू कधी होणार?" हा प्रश्न गेली सात-आठ वर्षं माझ्याकडे सतत येतो. सोलापूरहून येतो, नागपूरहून येतो, गोव्यातून येतो, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या लातूर-नांदेडच्या मुलांकडून तर दर आठवड्याला येतो. उत्तर दर वेळी तुकड्यातुकड्यांत द्यावं लागतं, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुख्यतः वंदे भारत, वंदे भारत स्लीपर आणि मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन यांच्याबद्दल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. "गाडी तयार झाली" अशी बातमी येते, फोटो येतात, मंत्री आत बसून दाखवतात. मग पुढे वर्षभर ती गाडी असते कुठे?

बातमीतल्या "तयार"चा अर्थ "चाचणीला तयार" असा घ्या. कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी हा नमुना असतो आणि त्याच्यातल्या चुका सापडाव्यात म्हणूनच तो बनवलेला असतो. आधी उभ्या गाडीच्या तपासण्या, मग रुळांवरच्या चाचण्या, मग मोजमापांचा अहवाल, मग सुरक्षा आयुक्तांची शिफारस, मग रेल्वे बोर्डाची मंजुरी. त्याच्या जोडीला लोको पायलटांचं प्रशिक्षण, देखभालीसाठी डेपोत जागा, आणि आधीच भरलेल्या वेळापत्रकात नव्या गाडीसाठी मोकळी फट शोधणं.

यातली प्रत्यक्ष चाचणी हा बहुतेक वेळा सर्वांत छोटा टप्पा असतो. उशिराचं खापर मात्र तिच्यावरच फुटतं. खरा वेळ कुठे जातो ते ६, ८ आणि १० या उत्तरांत सविस्तर आहे.

२. चाचणीत नेमकं करतात तरी काय? गाडी पळवून बघायची, एवढंच ना?

पळवायची असतेच, पण कशी पळवायची यात सगळं आलं.

प्रवाशांच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवतात. सीटवर, दोन सीटच्या मध्ये, दारापाशी, हिशोबाने वजन करून. रिकाम्या गाडीची चाल वेगळी, भरलेल्या गाडीची वेगळी, म्हणून दोन्ही प्रकारे धावायचं. डब्याच्या जमिनीवर बोगीच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्याच्या, बरोबर वर कंपनं मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. गाडी वरखाली किती हादरते, बाजूला किती डुलते, याची नोंद सेकंदासेकंदाला होते. वेग एकदम वाढवत नाहीत. एका वेगाला धावायचं, नोंदी बघायच्या, मग पुढचा वेग. सरळ रुळावर, वळणावर, सांध्यांवर, पुलावर. रेल्वेतली माणसं याला ऑसिलेशन ट्रायल म्हणतात, आणि ती घेते लखनौची आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन आणि मानके ठरवणारी संस्था.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती मुद्दाम बिघाड करून घेतलेली फेरी. डबा ज्या हवेच्या फुग्यांवर तरंगतो, ते एअर स्प्रिंग हवा काढून बसवतात आणि तशी गाडी पळवतात. प्रवासात कधीतरी फुगा फुटणारच, तेव्हा गाडी रुळावर नीट राहते का हे आधी कळायला हवं.

मग ब्रेक. ठरलेल्या वेगाला आणीबाणीचा ब्रेक लावायचा आणि गाडी किती मीटरवर थांबली ते मोजायचं. मग वीज. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पुढे गाडी आहे की नाही हे सिग्नलला रुळांतून सोडलेल्या अगदी क्षीण विद्युतप्रवाहावरून कळतं. नव्या गाडीच्या मोटारींचा विजेचा गोंगाट त्यात मिसळला तर सिग्नल चुकीचं समजू शकतो. हे बाहेरून कुणाला दिसत नाही, त्याचा व्हिडिओ होत नाही, पण ही तपासणी सुटली तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

व्हिडिओत दिसतो तो पाण्याचा ग्लास. १८० च्या वेगाला पाणी सांडलं नाही हे बघायला मलाही आवडतं. मंजुरी मात्र जमिनीवरच्या त्या यंत्रांच्या नोंदींवर मिळते.

३. चाचणीत १८० ने धावली, मग आमची वंदे भारत ११०–१३० ने का जाते? फसवणूक आहे का ही?

फसवणूक नाही, पण जाहिरात करताना हे समजावून सांगितलं जात नाही, याची मला चीड येते.

चाचणीचा नियम असा आहे की ज्या वेगाची परवानगी हवी, त्याहून साधारण दहा टक्के जास्त वेगाला गाडी तपासायची. १६० ची परवानगी हवी असेल तर १७६ च्या पुढे जाऊन दाखवावं लागतं, म्हणून तो १८० चा आकडा. ते गाडीचं प्रमाणपत्र झालं. तुमच्या मार्गावर किती वेगाने जायचं हे रूळ, पूल, वळणं, सिग्नल आणि कुंपण ठरवतात. देशात १६० चा नियमित वेग पहिल्यांदा मिळाला तो २०१६ मध्ये, गतिमान एक्स्प्रेसला, आणि तोही दिल्लीजवळच्या तुघलकाबादपासून आग्र्यापर्यंतच्या पट्ट्यात.

माहिती अधिकारात बाहेर आलेला आकडा बघा. वंदे भारत गाड्यांचा सरासरी वेग २०२०-२१ मध्ये ताशी ८४.४८ किमी होता, २०२३-२४ मध्ये ७६.२५ वर आला. गाडी तीच किंवा आधीपेक्षा चांगली, पण ती घाटांच्या, वळणांच्या, गर्दीच्या मार्गांवर गेली. नवी गाडी आणणं हे काम कारखान्याचं आहे. वेग वाढवणं हे रूळ-सिग्नलवाल्यांचं आहे, आणि ते फार संथ चालतं.

कुंपणाचं उदाहरण घ्या. गांधीनगर–मुंबई वंदे भारत सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा ६ ऑक्टोबर २०२२ ला अहमदाबादजवळ म्हशींना धडकून तिचं नाक तुटलं. त्यानंतर मुंबई–अहमदाबाद मार्गावर सहाशे किलोमीटरहून जास्त लांबीचं लोखंडी कुंपण घातलं गेलं. ते गाडी येण्याआधी व्हायला हवं होतं.

४. परवानगी देणारा अधिकारी रेल्वेचा नसतो, हे खरं का?

खरं. रेल्वे सुरक्षा आयुक्त हे पद नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतं. गाडी चालवणाऱ्यानेच तिच्या सुरक्षेचा निवाडा करू नये, म्हणून १९४१ मध्ये ही तपासणी रेल्वे बोर्डापासून वेगळी काढली, आणि १९६७ पासून ती विमान खात्याकडे आहे. नव्या प्रकारच्या गाडीसाठी आरडीएसओचं वेगाचं प्रमाणपत्र आणि चाचण्यांचे कागद आयुक्तांकडे जातात, तिथून मुख्य आयुक्तांची शिफारस रेल्वे बोर्डाकडे, आणि शेवटची सही बोर्डाची. आयुक्त अटी घालू शकतात, शंका काढून कागद परत पाठवू शकतात. "फाइल अडकली" असं आपण म्हणतो तेव्हा अनेकदा कुणीतरी आपलं काम नीट करत असतं.

५. प्रत्येक चाचणी कोट्यालाच का?

कोटा विभागातला दिल्ली–मुंबई मुख्य मार्गाचा पट्टा चांगला सरळ आणि मजबूत आहे, तिथे १८० पर्यंत जाता येतं. पहिली वंदे भारत डिसेंबर २०१८ मध्ये, दुसऱ्या पिढीची ऑगस्ट २०२२ मध्ये आणि स्लीपर २०२५ मध्ये तिथेच तपासली गेली. अडचण अशी की त्याच रुळांवर रोजच्या राजधान्या आणि मालगाड्या चालतात. चाचणीला ठरावीक तासांची मोकळीक मिळते, ती हुकली की पुढच्या तारखेची वाट. केवळ चाचण्यांसाठीचा सुमारे ६० किमीचा वेगळा मार्ग राजस्थानात जोधपूर विभागात बांधायला घेतला, तो याचसाठी. तो वीस वर्षांपूर्वी व्हायला हवा होता.

६. वंदे भारत स्लीपर सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवली, सुरू झाली जानेवारी २०२६ मध्ये. सोळा महिने चाचणीच चालली होती का?

नाही. म्हणूनच हा प्रश्न नीट बघण्यासारखा आहे.

१ सप्टेंबर २०२४ ला बंगळुरूच्या बीईएमएल कारखान्यात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी गाडी दाखवली. सोळा डबे, ८२३ बर्थ. डिसेंबरात खजुराहो–महोबा पट्ट्यात चाचण्या सुरू झाल्या. जानेवारी २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात कोट्याला १८० चा वेग झाला. त्याच महिन्याच्या मध्याला मुंबई–अहमदाबाद अशी लांब पल्ल्याची फेरीही झाली. म्हणजे जिला सगळे "चाचणी" म्हणतात, तिचा मोठा भाग दीडेक महिन्यात उरकला होता.

मग वर्ष कशात गेलं? एक, अहवाल, प्रमाणपत्रं आणि त्यांतून निघालेल्या दुरुस्त्या. दोन, आतलं काम. रेल्वे बोर्डाने २०२५ च्या उत्तरार्धात ज्या त्रुटी दाखवल्या त्या वाचून मला वाईट वाटलं: बर्थजवळच्या टोकदार कडा, पडद्यांच्या मुठी, जिथे धूळ साचेल आणि झाडू पोचणार नाही अशा फटी. रात्री अंधारात खाली उतरणाऱ्या आजीचा हात ज्या कडेवर जाणार, ती कड गोल आहे का हे बघायला १८० च्या वेगाची गरज नसते. हे कारखान्यात, दाखवण्याच्या आधी दिसायला हवं होतं.

तीन, दुसरी गाडी. बैठी वंदे भारत सकाळी निघून रात्री घरी परत येते, तिला एक संच, म्हणजे डब्यांची एक पूर्ण गाडी, पुरतो. रात्रीची गाडी आज इथून निघाली की उद्या सकाळी तिथे पोचते आणि उद्या रात्री परत निघते. रोज दोन्ही बाजूंनी सेवा हवी तर किमान दोन संच लागतात. म्हणून पहिला संच तयार असूनही दुसऱ्यासाठी थांबायचं ठरलं, आणि मंत्र्यांनी २०२५ मध्ये ते उघड सांगितलंही. हे कारण मला पटतं. पण ते सप्टेंबर २०२४ मध्येही माहीत असणारच. तेव्हाच सांगितलं असतं तर लोकांनी दर महिन्याला नवी तारीख ऐकून घेतली नसती.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सुरक्षा आयुक्तांच्या देखरेखीखाली कोटा–नागदा पट्ट्यात पुन्हा १८० ची फेरी झाली आणि १७ जानेवारी २०२६ ला हावडा–कामाख्या गाडीला हिरवा झेंडा मिळाला.

७. बैठी वंदे भारत चालतेच आहे. सीट काढून बर्थ टाकायचे, त्याला इतक्या नव्या चाचण्या कशाला?

कारण गाडीचं वजन आणि त्या वजनाची उंची बदलते. वरच्या बर्थवर माणसं झोपली की डब्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर तो वेगळा वागतो. शिवाय बसलेल्या माणसाला जो हादरा जाणवत नाही तो आडव्या पडलेल्याला जाणवतो, त्यामुळे स्प्रिंगपासून दोन डब्यांमधल्या जोडणीपर्यंत पुन्हा विचार करावा लागतो. आणि आग. झोपलेला प्रवासी उशिरा सावध होतो, म्हणून गाद्या, पडदे, फळ्या यांना कडक मानक लावलं आहे.

८. पहिली वंदे भारत इतकी झटपट आली, मग तिसरीला तीन वर्षं का लागली?

आकडे आधी. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्यात सुधांशु मणी महाव्यवस्थापक असताना "ट्रेन १८", म्हणजे पहिली वंदे भारत, सुमारे दीड वर्षात उभी राहिली. २९ ऑक्टोबर २०१८ ला ती बाहेर आली आणि १५ फेब्रुवारी २०१९ ला नवी दिल्ली–वाराणसी मार्गावर तिला झेंडा दाखवला. साडेतीन महिने! इतक्या घाईची किंमतही दिसली. दुसऱ्याच दिवशी वाराणसीहून परत येताना ती टुंडल्याजवळ बंद पडली. १७ तारखेला मात्र ठरल्याप्रमाणे प्रवासी घेऊन निघाली.

दुसरी गाडी ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्ली–कटरा मार्गावर आली. तिसरी, गांधीनगर–मुंबई, ३० सप्टेंबर २०२२ ला. मधल्या तीन वर्षांत चाचणीमुळे एक महिनाही वाया गेलेला नाही. पहिल्या गाडीच्या खरेदीवरून अधिकाऱ्यांची दक्षता चौकशी लागली, नंतर त्यांच्यावर ठपका राहिला नाही, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. चांगलं काम केल्यावर चौकशी होते हे बघितलेला माणूस पुढच्या फाइलवर सही करताना दहा वेळा विचार करतो. त्यात विद्युत आणि यांत्रिक या दोन खात्यांची जुनी ओढाताण. मग ४४ गाड्यांच्या विद्युत यंत्रणेची निविदा ऑगस्ट २०२० मध्ये रद्द झाली, कारण बोली लावणाऱ्यांत चिनी भागीदारी असलेली कंपनी होती. नवी निविदा निघाली आणि जानेवारी २०२१ मध्ये काम हैदराबादच्या मेधा कंपनीला गेलं. त्यात कोविड. आणि २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, चाकं तिथून यायची होती. १२८ चाकं ट्रकने रुमानियात नेऊन तिथून विमानाने आणण्याची पाळी आली.

या काळातून एक चांगली गोष्टही निघाली. नवी गाडी ४३० टनांवरून ३९२ टनांवर आली आणि तिच्यात "कवच" ही गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा बसली.

९. एकदा नमुना पास झाला की पुढच्या प्रत्येक गाडीला पुन्हा हे सगळं करावं लागतं का?

नाही. पूर्ण चाचणी त्या रचनेची होते. पुढच्या प्रत्येक गाडीची कारखान्यात ठरलेली तपासणी आणि एखाद-दुसरी धाव, एवढंच.

अपवाद रचना बदलली की सुरू होतात. डबे वाढले तर ब्रेकची हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ, जोडण्यांवरचा ताण, सगळं बदलतं. वीस डब्यांची वंदे भारत ९ ऑगस्ट २०२४ ला अहमदाबाद–मुंबई मार्गावर वेगळी चालवून बघितली ती त्यामुळेच. दुसरा अपवाद मार्गाचा. गाडी जुनी आणि मार्ग नवा असला तरी त्या मार्गावर धाव घ्यावी लागते. त्याचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण घाटाचं, प्रश्न ११ बघा. तिसरा अपवाद कारखान्याचा: रेल्वेने फक्त गरजा सांगितल्या आणि कंपनीने आपली रचना केली, तर तो नवा नमुनाच समजायचा. लातूरच्या गाड्यांना हे लागू आहे.

१०. आम्ही लातूरचे. हरंगुळच्या कारखान्यातून वंदे भारत निघणार हे २०१८ पासून ऐकतोय. घोडं अडलंय कुठे?

हा प्रश्न ज्या कळकळीने येतो ती मला समजते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातूरला रेल्वेचे डबे बनवण्याचं काम मिळणं ही साधी गोष्ट नाही.

मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ ला झाली आणि २५ डिसेंबर २०२० ला पहिला डब्याचा सांगाडा तयार झाला. हा वेग चांगलाच होता. शेड उभी राहिली, यंत्रं आली, मग बनवायचं काय हाच प्रश्न पुढे आला.

स्लीपर गाड्यांची २०० संचांची निविदा निघाली. रशियाची टीएमएच आणि आपली सरकारी आरव्हीएनएल यांच्या भागीदारीने गाडीमागे १२० कोटींची सर्वांत कमी बोली लावली. त्यांना १२० गाड्या आणि लातूरची जागा मिळाली, उरलेल्या ८० टिटागढ–भेल यांना. इथून गाडं रुतलं. भागीदारीत कुणाचा वाटा किती यावरून महिने गेले. तो वाद मिटून किनेट नावाच्या संयुक्त कंपनीशी करार झाला तो २०२३ च्या सप्टेंबरात. ३५ वर्षांच्या देखभालीसह. मग रचनेचा घोळ: करारानंतर रेल्वेने जास्त स्वच्छतागृहं, पँट्री आणि सामानासाठी जागा मागितली.

प्रवासी म्हणून या तिन्ही गोष्टी मलाही हव्यात. पण डब्यात एक स्वच्छतागृह वाढतं तेव्हा पाण्याची टाकी, मैल्याची टाकी, नळ, वजनाचा तोल आणि बर्थची संख्या हे सगळं कागदावर नव्याने मांडावं लागतं. त्याचे पैसे कुणी द्यायचे हा वाद वेगळा. करार होण्याआधी या मागण्या लिहिल्या असत्या तर लातूरच्या पोरांचं किमान एक वर्ष वाचलं असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या रेल्वे प्रदर्शनात कंपनीने पहिल्या वर्गाच्या डब्याचा नमुना मांडला.

पहिली गाडी बाहेर आली की तिलाही प्रश्न २ मधलं सगळं करावं लागेल, कारण ती बीईएमएलच्या स्लीपरची नक्कल नाही. तेव्हा "अजून चाचणीच का?" म्हणून कारखान्यावर चिडू नका.

११. मुंबई–सोलापूर आणि मुंबई–शिर्डी गाड्यांना घाटासाठी वेगळी चाचणी का लागली?

कर्जतला ज्यांनी लहानपणापासून गाडीला मागून इंजिनं लागताना बघितली आहेत, त्यांना हे शब्दांत सांगायची गरज नाही. गाडी थांबते, मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं येऊन लागतात, पाठीत एक ठोसा बसतो, उभ्या माणसाचा चहा हिंदकळतो, आणि मग गाडी बोरघाट चढायला लागते. थळ घाटात हेच कसाऱ्याला. चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

वंदे भारतला वेगळं इंजिन नाही, मोटारी डब्यांखाली वाटलेल्या आहेत. त्यामुळे बँकरशिवाय ती चढेल हे कागदावर दिसत होतं. पण चढण्यापेक्षा उतरणं आणि मध्येच थांबणं अवघड. भरलेली गाडी चढावर थांबली तर मागे न सरकता उभी राहते का, तिथून पुन्हा निघते का, उतारावर ब्रेक तापत तर नाहीत? हे घाटातच बघावं लागतं. कोट्याच्या सपाटीवर ते कळणार नाही. ती खात्री झाल्यावर १० फेब्रुवारी २०२३ ला दोन्ही गाड्यांना सीएसएमटीवरून झेंडा मिळाला.

मी कर्जतच्या फलाटावरून पहिल्यांदा वंदे भारत बँकरशिवाय घाटाकडे जाताना पाहिली, तेव्हा शेजारी उभे असलेले एक निवृत्त गार्ड कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठोसा नाही बसला हो." त्या एका वाक्यासाठी सगळ्या चाचण्या मला मान्य आहेत. पुढच्याच महिन्यात, १३ मार्च २०२३ ला, साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी सोलापूर–मुंबई वंदे भारत चालवत सीएसएमटीला आणली.

१२. चाचणी पूर्ण, मंजुरी हातात, तरी गाडी थांबते. उद्घाटनासाठी अडवतात का?

काही वेळा, हो. पहिली वंदे भारत आठवा: सुरक्षा आयुक्तांकडचं काम जानेवारी २०१९ मध्ये झालं होतं, झेंडा फेब्रुवारीच्या मध्याला. अनेक मार्गांचे झेंडे एकाच दिवशी दाखवायचे म्हणून तयार गाडी यार्डात उभी राहते, असंही घडतं. उभ्या गाडीवर जनतेचा पैसा गुंतलेला असतो आणि हे मला अजिबात मान्य नाही. गाडी आधी सुरू करा, समारंभ नंतर सवडीने करा.

मुंबई–मडगावची गोष्ट मात्र वेगळी, ती या रांगेत बसवू नका. मे २०२३ मध्ये चाचणी फेरी झाली, उद्घाटन ३ जूनला ठरलं. आदल्या संध्याकाळी ओडिशात बालासोरचा भीषण अपघात झाला. समारंभ रद्द केला हे योग्यच होतं. गाडी २७ जूनला सुरू झाली, ऐन पावसाळ्यात. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रकात वेग कमी करतात, दरडींची भीती असते, त्यामुळे ज्या गाडीबद्दल "सात-साडेसात तासांत गोवा" असं ऐकलं होतं ती पहिल्याच महिन्यात साधारण दहा तास घेऊ लागली. अनेकांनी मला "फसवलं" म्हणून लिहिलं. फसवलं नव्हतं, पाऊस होता.

१३. बुलेट ट्रेनलाही चाचणीमुळेच उशीर होतोय का?

नाही. तिथे अजून चाचणीपर्यंत गोष्ट आलेलीच नव्हती. १४ सप्टेंबर २०१७ ला साबरमतीला पायाभरणी झाली, ५०८ किमी, १२ स्थानकं. आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर ही चार. महाराष्ट्रात जमीन मिळायला वर्षं लागली: पालघरमधल्या आदिवासी शेतकऱ्यांचे रास्त प्रश्न, विक्रोळीतल्या जमिनीचा खटला जो उच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाली निघाला, कांदळवनाची परवानगी. सगळी जमीन ताब्यात आल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. बीकेसी ते शिळफाटा २१ किमीचा बोगदा आहे, त्यातला सात किमी ठाणे खाडीखालून. तो घाईने होणारा नाही.

गाडीचा प्रश्न त्यानंतरचा. आधी जपानची ई५ ठरली होती, आता ई१० येणार आहे, आणि तोवर ताशी २८० किमीच्या रचनेच्या दोन गाड्या बीईएमएलकडून बनवून घेण्याचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. या वेगाची गाडी तपासायला देशात दुसरा रूळच नाही, त्यामुळे नव्या मार्गाचा निदान एक तुकडा वीज-सिग्नलसह पूर्ण झाल्याशिवाय चाचणी सुरू होऊ शकत नाही. २०२७ च्या ऑगस्टचं लक्ष्य गुजरातमधल्या पट्ट्याचं आहे. ठाणे-विरारच्या लोकांनी ती तारीख आपली समजू नये.

१४. परदेशात असा उशीर होतो का, की हे आपल्याकडचंच?

होतो, आणि तिथल्या गोष्टी बोलक्या आहेत.

अमेरिकेत अ‍ॅमट्रॅकने २०१६ मध्ये अ‍ॅलस्टॉमकडे २८ नव्या असेला गाड्या मागवल्या. २०२१ मध्ये यायच्या होत्या, प्रवासी घेऊन धावल्या २८ ऑगस्ट २०२५ ला. नवी गाडी जुन्या, वाकड्या रुळांवर कशी वागेल याचं संगणकावरचं गणित नियामकाला पटत नव्हतं, आणि ते पटल्याशिवाय रुळावर वेगाची चाचणीच घेता येत नव्हती. त्यात तयार गाड्यांमध्ये दोष सापडत गेले.

जर्मनीत सीमेन्सच्या नव्या आयसीई गाड्या डिसेंबर २०११ ला यायच्या होत्या, परवाना मिळाला डिसेंबर २०१३ ला. एक कारण असं की ब्रेकचा आदेश दिल्यावर तो प्रत्यक्ष लागायला एक सेकंद जास्त लागत होता. एक सेकंद! पण ताशी २५० च्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळजवळ ७० मीटर पुढे जाते. तो सेकंद चाचणीत सापडला.

आणि उलट उदाहरण नेदरलँड्स–बेल्जियमचं. तिथली फिरा गाडी आधीच पाच वर्षं रखडली होती. डिसेंबर २०१२ मध्ये एकदाची सुरू केली, बर्फ पडला, खालचे भाग निखळू लागले, आणि जानेवारी २०१३ मध्ये कायमची बंद झाली. सहा आठवडे चालली.

म्हणून "चाचण्या कमी करा म्हणजे गाडी लवकर येईल" असं कुणी लिहिलं की मी सहमत होत नाही. निविदा वेळेत काढा, मागण्या आधी लिहून द्या, कुंपण आणि डेपो गाडीच्या आधी बांधा. तिथे वर्षं वाचतात. चाचणीतून फार तर काही आठवडे वाचतील.

१५. आमच्या मार्गावर नवी गाडी जाहीर झाली आहे. बहिणीचं लग्न आहे, तिच्यावर विसंबून बेत आखू का?

घोषणेवर आखू नका. चाचणी फेरीच्या व्हिडिओवरही नको, फेरी झाल्यावर गाडी दोन आठवड्यांत आली आहे तशी वर्षभरानेही आली आहे (प्रश्न ६). गाडीचा क्रमांक आणि थांब्यांसह वेळापत्रक अधिकृतपणे निघालं, आणि त्या क्रमांकाचं आरक्षण सुरू होऊन तुमच्या तारखेचं तिकीट हातात आलं, की मग खुशाल ठरवा. तोवर नेहमीच्या गाडीचं तिकीट काढून ठेवा. नवी गाडी आलीच तर ते रद्द करता येतं, थोडे पैसे कापले जातील. उद्घाटनाच्या दिवशीची फेरी बहुतेक वेळा निमंत्रितांची असते आणि तिची वेळही वेगळी असते, तेव्हा पहिली नियमित फेरी कोणत्या तारखेची हे बघा. आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी गाडी नाही तेही बघून घ्या. लग्न नेमकं त्याच दिवशी आलं म्हणून मला फोन करणारे दर हंगामात दोघे-तिघे तरी असतात.